चव्हाट्यावरची पत



आठवड्याच्या बाजाराला आपण सगळेच जातो. मिरची विकणाऱ्या दहाजणी तिथे ओळीने बसलेल्या असतात. दहाही जणींच्या पाटीतली मिरची लांबून सारखीच लाल दिसते. तरी घरातली जाणती बाई पहिल्या सहा पाट्या ओलांडून सातव्या पाटीपाशी टेकते. का बरे? तर मागच्या वर्षी त्या सातवीने आपण होऊन सांगितलेले असते, "बाई, ही रंगाला चांगली आहे, पण तिखटाला तेवढी नाही. दुसरी थोडी मिसळून घ्या." एवढ्या एका वाक्याने तिचे गिऱ्हाईक कायमचे बांधले गेले. तिच्या पाटीवर नावाची पाटी नाही, की तिने कधी जाहिरात केलेली नाही. पण बाजारात तिला पत आहे.

या पतीलाच आजकाल शहरातली मंडळी 'ब्रँड' म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी त्याचे मूळ गोठ्यातलेच आहे. आपली गुरे दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर ओळखू यावीत म्हणून तापल्या लोखंडाने त्यांना डाग देत. त्या डागाला हा शब्द होता. पुढे तो पिंपांवर, पेट्यांवर आणि मालावर आला. म्हणजे ब्रँड म्हणजे मुळात ओळखीची खूण. 'हा माल अमक्याचा. चांगला निघाला तर त्याचे नाव आणि वाईट निघाला तर त्याचेच नाव,' असे ती खूण सांगत असते.

आज मला बोलायचे आहे ते या खुणेविषयी. पूर्वी ही खूण गावच्या बाजारापुरती असे. आता हातातल्या मोबाईलमुळे ती जगाच्या चव्हाट्यावर गेली आहे. व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांना आपण समाजमाध्यमे म्हणतो. खेड्यातला गूळवाला, पापड लाटणारा बचत गट, हळद पिकवणारा शेतकरी, एखादी शाळा किंवा एखादा शिक्षक, कोणालाही आज या माध्यमांवर आपले नाव मांडता येते. तिथे ते नाव खरेपणाने कसे मांडावे आणि कसे राखावे, एवढाच आजचा विषय.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे नवीन खूळ आहे. साधन नवीन आहे खरे, पण रीत जुनी आहे. आपल्याच मुलखातला एक दाखला सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर आपला कारखाना आणि वसाहत उभी केली. तीच किर्लोस्करवाडी. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. हा समज नुसत्या जाहिरातीने जाणारा नव्हता. नांगर शेतात चालताना दिसावा लागला, पीक उगवलेले दिसावे लागले, तेव्हा कुठे विश्वास बसू लागला. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे पत्र सुरू केले. कारखान्याची खबरबात गिऱ्हाइकांना आणि कामगारांना कळावी, हा त्यामागचा साधा हेतू. पण पत्रात नुसती आपल्या मालाची स्तुती छापून भागणार नाही, वाचणाऱ्याच्या उपयोगाचेही काही दिले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्या पत्राचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० साली 'स्त्री' मासिकही निघाले. कारखान्याचे पत्रक मराठी घराघरांत वाचले जाऊ लागले. आज ज्याला समाजमाध्यमावरचे पान म्हणतात, ते या 'खबरे'चेच नातवंड आहे, असे मला वाटते.

मग फरक काय पडला? तीन फरक पडले. पहिला म्हणजे, पूर्वी छापखाना लागे, पैसा लागे. आता मोबाईल असला की झाले. दुसरा म्हणजे, पूर्वी बोललेला शब्द वाऱ्यावर जाई. आता लिहिलेले राहते. तुम्ही पुसलेत तरी कोणीतरी त्याचा फोटो काढून ठेवलेला असतो. आणि तिसरा म्हणजे, आता गिऱ्हाईक उलट बोलते, आणि तेही चारचौघांत. तुमच्या मालाची तक्रार तुमच्याच पानावर, तुमच्याच फोटोखाली, सगळ्यांना दिसेल अशी लिहिली जाते. आपल्या भाषेत 'चव्हाट्यावर आणणे' याचा अर्थ काय होतो, तो तुम्हाला ठाऊक आहेच. चव्हाट्यावर बसून विकायचे, तर चव्हाट्यावर ऐकून घेण्याचीही तयारी हवी.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. तिच्यात माझीही एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होणार नाही.

माझा एक जुना विद्यार्थी गुऱ्हाळ चालवतो. सहा एकर ऊस, एक काहील, चुलवाणावर घरचीच माणसे. गुळात कोणतेही रसायन घालायचे नाही, असे त्याने ठरवले. गुळाचा व्यवहार ज्यांना माहीत आहे ते जाणतात की, बाजारात पिवळ्याधमक गुळाला भाव चांगला. तो रंग आणण्यासाठी पुष्कळ ठिकाणी रसात हायड्रॉस पावडर टाकतात. रसायन न घालता नुसत्या भेंडीच्या चिकाने मळी काढून केलेला गूळ तांबूस, काळपट दिसतो. सौद्यात त्याला कोणी विचारत नाही. म्हणून या पोराने ठरवले की, गूळ अडत्याकडे न नेता एक एक किलोच्या ढेपा करून मोबाईलवरून थेट घरोघर विकायचा.

एके दिवशी तो माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, तुम्ही मराठी शिकवता. पानावर टाकायला चार चांगल्या ओळी लिहून द्या." मी उत्साहाने लिहून दिल्या. 'शंभर वर्षांची परंपरा, आजीच्या हातची गोडी,' असे काहीतरी. तो खूष झाला. त्याने त्या ओळी फोटोखाली टाकल्या. आठवडाभराने त्याच्या खऱ्या आजीला कोणीतरी त्या वाचून दाखवल्या. आजी म्हणाली, "मी कधी काहिलीजवळ गेले बाबा? बायकांना तिकडं जाऊ देत नव्हते. आणि शंभर वरसं कुठली? तुझ्या बापानं गुऱ्हाळ घातलं त्याला अठरा वरसं झाली."

श्रोतेहो, मला फार ओशाळल्यासारखे झाले. मी भाषेचा माणूस, पण मी लिहिले ते त्या गुऱ्हाळाचे नव्हतेच. कोणाच्याही गुळाला, तुपाला किंवा मसाल्याला चिकटवावे असे ते लेबल होते. त्या पोराने त्या ओळी काढल्या आणि आपल्या भाषेत लिहिले, 'आमचं गुऱ्हाळ अठरा वर्षांचं आहे. गूळ काळा दिसतो कारण आम्ही पावडर घालत नाही. काहील कशी चालते ते बघायला या.' खाली त्याने बापाचा फोटो टाकला, अंगात बनियन आणि हातात फावडे, चुलवाणाच्या धगीने घामाघूम झालेला. माझ्या चार ओळींनी पंधरा ढेपा विकल्या होत्या. त्या फोटोनंतर विचारणा करणाऱ्यांचे फोन येऊ लागले. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असे, "खरंच बघायला येऊ का?"

पण खरी परीक्षा पुढेच होती. दुसऱ्या वर्षी मागणी वाढली आणि फेब्रुवारीतच ऊस संपला. हातात पैसे भरलेल्या दीडशेच्या वर मागण्या. शेजारच्या गावात तसाच दिसणारा गूळ मिळत होता. बाप म्हणाला, "आण तिकडून, कागद आपला गुंडाळ आणि पाठव. गूळ तो गूळ. कोण बघतंय?" बापाचेही फार चुकत नव्हते. घरात लग्न काढलेले होते आणि पैसा हवा होता. तो गूळ बिनरसायनाचा आहे याची मात्र कोणी हमी देईना. पोराने रात्रभर विचार केला आणि सकाळी पानावर लिहिले, 'यंदाचा आमचा गूळ संपला. ज्यांनी पैसे भरले त्यांना आजच परत पाठवतो. दुसऱ्याचा गूळ आमच्या नावाने देणार नाही.'

पुढे काय झाले, ते जसेच्या तसे सांगतो. त्याचे त्या वर्षी नुकसान झाले. काही गिऱ्हाइके रागावली आणि ती परत आलीच नाहीत. बाप महिनाभर नीट बोलला नाही. लग्न कर्ज काढून झाले. पुढच्या हंगामात जुन्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्याहून थोडी जास्त परतली, आणि त्यांनी आपली ओळखीची माणसे आणली. आज त्याचा धंदा बरा चालला आहे. फार मोठा झालेला नाही. परवा बाप मला म्हणाला, "सर, आता गाडीवाला गूळ न्यायला येतो तेव्हा वजन करत नाही. म्हणतो, तुमच्याकडं काय वजन करायचं!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मला जे दिसले, त्याची किंमत रुपयांत कशी करणार?

या गोष्टीतून निघणारे चार व्यवहाराचे मुद्दे आता क्रमाने मांडतो.

पहिला मुद्दा, आपले जे आहे तेच मांडा. गुऱ्हाळ अठरा वर्षांचे असेल तर अठराच सांगा. बचत गटात सातजणी असतील तर सातजणींचीच नावे आणि कामे सांगा. पापड कधी लाटले, उडीद कुठून आणला, वजन किती, किंमत किती, पाठवायचा खर्च वेगळा की त्यातच, किती दिवस टिकेल, हे स्पष्ट लिहा. फोटो दिवसाच्या उजेडात, आहे तसा काढा. रंग वाढवून घेतलेल्या फोटोने पहिली विक्री होते आणि दुसरी बुडते. भाषा आपल्या घरची ठेवा. 'ग्राहकांच्या सेवेत सदैव तत्पर' या ओळीपेक्षा 'सोमवारी सांगितलंत तर गुरुवारी पाठवतो' ही ओळ लाख मोलाची.

दुसरा मुद्दा सातत्याचा. रोज नाचगाणे करायला नको. पण आठवड्यातून एकदा का होईना, काम चालू आहे ते दिसू द्या. पेरणी झाली, पाऊस लांबला, हळद शिजवायला घातली, या वर्षी अळी पडली, हे सगळे सांगण्यासारखे असते. लोकांना नुसते पीक बघायचे नसते. पिकामागचे वर्षही बघायचे असते. आणि प्रत्येक माध्यमावर नाव एकच ठेवा. इकडे एक आणि तिकडे दुसरे, असे केले की गिऱ्हाईक गोंधळते. व्हॉट्सॲपने छोट्या धंद्यांसाठी वेगळे ॲप २०१८ साली आपल्या देशात आणले. त्यात मालाची यादी आणि भाव मांडून ठेवता येतात. लहान धंद्याला सुरुवातीला तेवढे पुरे होते.

तिसरा मुद्दा तक्रारीचा. गूळ पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषतो आणि त्याला पाणी सुटते. माझ्या विद्यार्थ्याच्या पानावर एका बाईंनी लिहिले, 'ढेप पाझरली. फसवणूक आहे.' त्याला पहिल्यांदा वाटले, पुसून टाकावे. पुसण्याची सोय असतेच. पण त्याने तिथेच सगळ्यांसमोर उत्तर दिले, 'ताई, चूक आमची. पावसाळ्यात कशी ठेवायची ते आम्ही कागदावर लिहायला हवं होतं. दुसरी ढेप पाठवतो.' तेव्हापासून प्रत्येक ढेपेबरोबर सूचनेची चिठ्ठी जाते. तक्रार करणारे गिऱ्हाईक हे फुकट मिळालेले शिक्षक आहे. जे गिऱ्हाईक काहीच न बोलता निघून जाते, त्याच्याकडून आपण काहीच शिकत नाही.

या बाबतीत आपल्या आकाशवाणीचा एक जुना प्रयोग आठवतो. १९५६ साली पुणे केंद्राने खेड्यांतून शेतकऱ्यांची श्रोतामंडळे सुरू केली. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून दिली जात. बोलणाऱ्याने ऐकलेही पाहिजे, हा धडा त्या काळीच गिरवला गेला होता. आज मोबाईलवर ज्यांची पाने नुसती बोलतात आणि कोणाला उत्तर देत नाहीत, त्यांनी तो पुन्हा गिरवावा.

चौथा मुद्दा मोहाचा आहे, आणि तो जरा सविस्तर सांगितला पाहिजे. समाजमाध्यमांवर अनुयायी विकत मिळतात. पैसे टाकले की हजारो नावे तुमच्या पानामागे उभी राहतात. त्यांतली पुष्कळशी माणसेच नसतात. खोटे अभिप्रायही विकत मिळतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! त्या हजारांतला एकही तुमची ढेप घेणार नाही आणि उद्या हे उघडे पडले की खऱ्या शंभरांचाही विश्वास जाईल.

कायद्याचेही यात म्हणणे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली नव्याने झाला. फसव्या जाहिरातीबद्दल माल करणाऱ्याला आणि त्याची शिफारस करणाऱ्यालाही त्याखाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तीच चूक पुन्हा केली तर तो पन्नास लाखांपर्यंत जातो. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन एखाद्या मालाची शिफारस केली, तर ती जाहिरात आहे हे लोकांना समजेल अशा सोप्या शब्दांत सांगितले पाहिजे, असे केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शन केले आहे. तुमच्या गावातला एखादा पोरगा रील करून नावारूपाला आला असेल, तर त्याला हे जरूर सांगा.

खाण्याच्या पदार्थांबाबत तर फारच जपायला हवे. माझ्या विद्यार्थ्याला एकाने सल्ला दिला, "लिही, मधुमेहींनाही चालणारा गूळ. दुप्पट खपेल." खरेच दुप्पट खपला असता. पण रसायन नसले तरी गूळ ही शेवटी साखरच. तो खाऊन कोणाची साखर वाढली, कोणाच्या पायाची जखम चिघळली, तर त्या पापाचा धनी कोण? अमुक पदार्थाने अमुक रोग बरा होतो, असा दावा करायला अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या नियमांनी मनाई केलेली आहे. पण नियम नसता तरी उत्तर तेच असते. त्याच्याकडे कोणी विचारले की तो सरळ लिहितो, 'मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारा. आमच्या भरवशावर खाऊ नका.' अशा उत्तराने एक ढेप कमी जात असेल, पण ते वाचणारी दहा माणसे मनाशी म्हणतात की, हा माणूस खरे बोलतो. घरगुती पदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षेची नोंदणीही करून घ्यावी. तिचा चौदा आकडी क्रमांक वेष्टनावर असला की गिऱ्हाइकाला आधार वाटतो.

आता नावाच्या हक्काविषयी दोन शब्द. काही नावे एकट्याची नसतात, साऱ्या मुलखाची असतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सोलापूरची चादर, सांगलीची हळद, मंगळवेढ्याची ज्वारी यांनाही तो आहे. म्हणजे त्या मुलखाबाहेरच्या मालाला ते नाव लावता येत नाही. हे नाव वापरणाऱ्या उत्पादकानेही आपली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी. ही साऱ्या गावाची ठेव आहे. एकाने परमुलखातला आंबा देवगडच्या पेटीत भरून पाठवला, तर बदनामी त्याच्या एकट्याची होत नाही. खऱ्या बागाईतदाराच्या पोटावर पाय येतो.

कोल्हापुरी चपलेची अलीकडची हकीकत तुम्ही ऐकली असेल. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे यांना मिळून त्या चपलेचा भौगोलिक निर्देशांक २०१९ साली मिळाला. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या बड्या कंपनीने आपल्या प्रदर्शनात अगदी तशाच वहाणा दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. मग काय झाले? आपल्या लोकांनी समाजमाध्यमांवर कोल्हापुरीचे फोटो शेजारी शेजारी ठेवून विचारले, ही कोणाची कला? व्यापारी संघटनेने पत्र धाडले. थोड्याच दिवसांत कंपनीला कबूल करावे लागले की, ही प्रेरणा भारतीय कारागिरांच्या परंपरागत चपलेची आहे. डिसेंबर २०२५ मध्ये तिने महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. चव्हाट्यावरचा आवाज मिलानपर्यंत पोचतो, हे यातून दिसले. पण हेही ध्यानात घ्या की, त्या आवाजात बळ आले ते कित्येक पिढ्यांच्या कारागिरांनी कातडे कमावून, वेणी घालून, शिवून मिळवलेल्या नावामुळे. नावच नसते, तर ओरडायचे कशासाठी?

एकट्या माणसाचा दाखला हवा असेल तर अहिल्यानगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे आजींचा घ्या. शाळेची पायरी न चढलेल्या या आजींनी २०२० साली नातवाच्या मदतीने 'आपली आजी' नावाने यूट्यूबवर स्वयंपाक दाखवायला सुरुवात केली. बोलणे गावचे, मसाला घरचा, आव कसलाही नाही. लाखो लोक बघू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचे चॅनेल चोरट्यांनी बळकावले आणि काही दिवसांनी ते परत मिळाले. यातून आपण घ्यायचा बोध असा की, दुकानाला कुलूप लावतो तसे खात्यालाही लावावे. पासवर्ड कोणाला देऊ नये. फोनवर आलेला ओटीपी कोणी कितीही गोड बोलून मागितला तरी सांगू नये. आणि खात्याला दुहेरी पडताळणी लावून घ्यावी. तुम्हाला जमत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलीला सांगा. पाच मिनिटांचे काम आहे.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी थोडे. शाळेचेही नाव असते आणि शिक्षकाचेही असते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून तो मोबाईलने उघडला की धडा ऐकता-पाहता यावा, ही त्यांची कल्पना. पुरस्काराच्या दहा लाख डॉलरांपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आधी काम आणि मग नाव, असा हा क्रम आहे. तो उलटा करू नये.

आणि एक विनंती आहे. शाळेच्या पानावर मुलांचे फोटो टाकताना दहादा विचार करा. गणवेश वाटप झाले, चप्पल वाटप झाले, की देणारा मध्ये उभा आणि घेणारे पोर मान खाली घालून शेजारी, असे फोटो रोज दिसतात. त्या पोराला मोठेपणी तो फोटो बघून काय वाटेल? अठरा वर्षांखालच्या मुलांची वैयक्तिक माहिती वापरण्यापूर्वी आईबापांची संमती घेतली पाहिजे, हे तत्त्व २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने मान्य केले आहे. मुलांची चित्रे टाका, निबंध टाका, त्यांनी केलेली परसबाग दाखवा. शाळेचे नाव त्यांच्या कामाने होऊ द्या.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. ही माध्यमे आपला वेळ खाऊन जगतात. माणूस जास्तीत जास्त वेळ थांबेल असे जे असेल, ते पुढे दाखवायचे, अशी त्यांची रचना असते. म्हणून तिथे खऱ्यापेक्षा भडक जास्त धावते. किती जणांनी पाहिले, किती अंगठे आले, हे मोजत बसले की काहील करपते. दिवसातून एक वेळ ठरवा. तेवढ्यात लिहा, उत्तरे द्या, आणि मोबाईल खुंटीला टांगा. जो दिवसभर आपल्या नावाचाच विचार करतो, त्याच्या हातून नाव घेण्यासारखे काम होणार कधी?

श्रोतेहो, त्या मिरचीवालीकडे पुन्हा एकदा वळतो. उद्या तिच्या नातीने मोबाईल घेतला आणि आजीच्या मिरचीचे पान उघडले, तर तिने काय लिहावे? मी आता कोणाला ओळी लिहून द्यायच्या भानगडीत पडत नाही. पण मला विचारलेच, तर एवढे सांगेन की, आजी गिऱ्हाइकाला जे बोलते तेच लिही. 'ही रंगाला चांगली आहे, पण तिखटाला तेवढी नाही.' बाजारात ज्या वाक्याने पत मिळाली, तेच वाक्य जगाच्या चव्हाट्यावरही चालेल.